उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणे. अलिबाग-नागावपासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांत ते पाच-सहा महिन्यांतच फिटतात. फक्त भाग्य उजळते ते गेंड्या भुंग्याचे. कात्रीने कातरल्यासारखी झावळी दिसली की वाडीवाला आधी वर बघतो, मग शेजाऱ्याच्या वाडीकडे बघतो आणि शेवटी माडाला दृष्ट लागली असा निकाल देतो. विहिरीमागच्या शेणखताच्या खड्ड्याकडे बघायचे कोणाला सुचत नाही. माझ्या मते या भुंग्याला परका समजण्यातच आपली पहिली चूक होते. मादी अंडी घालते ती शेणखतात, नाहीतर कुजक्या खोडात. पांढरी, वळून बसलेली अळी तिथेच खाऊनपिऊन अंगठ्याएवढी जाड होते आणि शिंग फुटले की थेट शेंड्यावर जेवायला. म्हणजे बाळंतपण आपण करायचे, दूध आपल्याच म्हशीच्या शेणाचे, आणि वर तक्रारही आपणच करायची!

पुरावा त्या कातरीतच आहे. सुई उलगडण्याआधी, झावळीची घडी मिटलेली असतानाच गेंड्या आत पोखरत शिरतो. घडीच्या कागदाला कात्री मारावी आणि उघडल्यावर दोन्हीकडे सारखी नक्षी निघावी, तसे ते होते. नक्षी दिसेपर्यंत गुन्हा शिळा झालेला असतो. आपण पंप शोधतो, पाडेलीला निरोप धाडतो, तो चार दिवसांनी येतो आणि मग रिकाम्या भोकाचा पंचनामा होतो. त्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. गेंड्या निदान जेवून उठतो. सोंड्या खोडात बिऱ्हाडच करतो, आणि शेंड्याने मान टाकल्यावरच आपल्याला त्याचा पत्ता लागतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले आणि माड-पोफळी आडव्या झाल्या. वादळाला शिव्या सगळ्यांनी दिल्या. पण जी खोडे जागीच कुजत राहिली, त्यांची प्रसूतिगृहे झाली तर दोष वाऱ्याचा कसा?

कोणी म्हणेल, मग शेणखत सोडायचे की काय? मुळीच नाही. खड्डा अधूनमधून उपसावा, अळ्या वर आल्या की कोंबड्या पुढचे बघून घेतात. त्यात मेटारायझियम ही हिरवी बुरशी मिसळली तर उरलेल्या अळ्यांचे श्राद्ध ती घालते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: माझा खड्डा मी साफ ठेवला, पण भुंगा तर रात्री उडत शेजारून येतो. खरे आहे, आणि इथे माझ्याकडेही सोपे उत्तर नाही. अळी मारायची तर सगळी आळी एक व्हावी लागते, आणि बांधावरून तीन पिढ्या न बोलणाऱ्या घरांना भुंग्याने एकत्र आणावे ही अपेक्षा जरा जास्तच आहे. तिसरा आक्षेप जुन्या काळाचा: पूर्वी हे नव्हते. पूर्वीही होते, इतके चिवट, की १९०९ साली रबराच्या रोपांबरोबर श्रीलंकेहून हाच गेंड्या पार पॅसिफिकमधल्या सामोआत पोहोचला आणि तिथल्या माडांवर बसला.

तेवढा प्रवास आपल्याकडे त्याला करावा लागत नाही. पावसाळ्यात रात्री तो पडवीतल्या ट्यूबलाइटवर आपटतो, उताणा पडून पाय झाडतो, आणि घरातले कोणीतरी ‘अगं बाई, केवढा हा!’ म्हणत त्याला सुपलीत घेऊन अलगद मागच्या दारी, उकिरड्यावर सोडून येते.