बरोबर असण्याचा त्रास

हातात मावणारी जीपीएस यंत्रं घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जी गिऱ्हाइकं होती, त्यांत अमेरिकेतल्या हरणामागे हिंडणाऱ्या शिकाऱ्याचा मान मोठा. पहाटे अंधारात मचाण गाठायचं, हरणाला गोळी लागली की माग काढायचा आणि संध्याकाळी आपली गाडी कुठे उभी केली होती ते यंत्राला विचारायचं, असा त्याचा दिनक्रम. आपल्याकडे 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि शिकारीची वाट थेट तुरुंगात जाते. म्हणून हे यंत्र सह्याद्रीत घाटवाटा हुडकत फिरणाऱ्यांच्या गळ्यात पडलं. माझ्याही पडलंय, दोरीसकट.

ते चुकतं अशी माझी तक्रार नाही. ते फार बरोबर असतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहून खाली बेलपाड्याला जायचं म्हटलं, की ते तत्परतेने बाण दाखवतं आणि सरळ रेषेतलं अंतर सांगतं. ही रेषा कड्यावरून हवेत जाते, हा तपशील त्याच्या लेखी गौण. पहिलं पाऊल टाकलं की उंची भराभर कमी होईल, आणि तेही ते इमानाने नोंदवेल. माणसांसाठी तिथे नळीची वाट आहे. पण नळी म्हणजे दोन्ही बाजूंना उभा कातळ. आत शिरलं की उपग्रह दिसेनासे होतात. वीस हजार किलोमीटरवरून निघालेला संदेश शेवटच्या शंभर फुटांत अडतो. भीमाशंकरच्या रानात तर कातळाचीही गरज नाही, पावसाळ्यातली ओली झाडी पुरते. चार उपग्रह मिळेपर्यंत थांबा, असं यंत्राचं म्हणणं. पाऊस थांबत नाही.

स्वस्तातल्या यंत्रांना दिशा फक्त चालताना कळते. वाटेला फाटा फुटला की माणूस थांबतो आणि नेमका तिथेच बाण गरगरायला लागतो. कुठे जायचं ते कळण्यासाठी आधी कुठेतरी जावं लागतं. महागड्या यंत्रात होकायंत्र असतं, पण ते अधूनमधून तिन्ही अंगांनी फिरवून ताळ्यावर आणावं लागतं. भर माळावर एक गृहस्थ आकाशाकडे बघत यंत्र ओवाळतोय हे पाहून एक गुराखी चपला काढून उभा राहिला होता. प्रसादाची वाट पाहत असावा.

बरं, पायाखालच्या वाटांतल्या निम्म्या ढोरवाटा. कुणीतरी आधी नोंदवून ठेवलेला ट्रॅक यंत्रात घ्यावा, तर तो नेमका म्हशीमागे गेलेल्याचा निघतो आणि त्याला नाव दिलेलं असतं ‘सोपी वाट’. गावातल्या मामांना विचारावं, तर ‘ह्यो काय, अर्धा तास!’ मे 2000पर्यंत अमेरिकी सरकार सामान्यांसाठीच्या जीपीएसमध्ये मुद्दाम शंभरेक मीटरची चूक घालत असे. मग ती काढून टाकली. मामांनी अजून काढलेली नाही.

ज्या यंत्रातून उपग्रहामार्फत मदतीचा निरोप धाडता येतो, ते भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाही. परदेशी पाहुणेही त्यापायी विमानतळावर अडकले आहेत. उरलेलं कायदेशीर यंत्र आपण कुठे हरवलो आहोत ते मोकळ्यावर पाच-दहा मीटरच्या आत सांगतं. फक्त आपल्यालाच.

पण खरा जाच चिन्हांचा. वाटेतल्या खुणा नोंदवायला माझ्या यंत्रात बारकी चित्रं दिलेली आहेत. मचाण आहे, जनावराचे ठसे आहेत, आमिष आहे, झाडावर चढवून कोंडलेलं सावज आहे, रक्ताचा मागही आहे. शेंदूर फासलेला दगड नाही. कातळात खोदलेलं टाकं नाही, देवराई नाही, सरबताची टपरी नाही. जे आहे त्यात भागवायचं. शिवाय शिकार आणि मासेमारीचं एक वेगळं पान आहे. चंद्रसूर्याचं गणित मांडून ते आपण उभे असू त्या जागची शिकारीची उत्तम वेळ काढून देतं. भीमाशंकर 1985पासून अभयारण्य आहे, ही बाब त्या गणितात धरलेली नाही.

तेव्हा वनखात्याला एक नम्र विनंती. तपासणीत माझं यंत्र उघडलंत, तर भीमाशंकरच्या शिडी घाटात मचाण, डोंगराच्या पदरावर आमिष आणि देवळाच्या अलीकडे रक्ताचा माग सापडेल. मचाण म्हणजे शिडी. आमिष म्हणजे सरबताची टपरी. रक्ताचा माग म्हणजे शेंदराचे दगड, त्यांच्या जवळपास जाणारं दुसरं चित्र मिळालं नाही. शिकारीची उत्तम वेळ मात्र यंत्राने आपणहून सांगितली आहे, मी विचारली नव्हती.