साखरपुड्याआधी हाताच्या शिरा

कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाई दोनदा सुरतेला गेल्या त्या दाढेसाठी नाही, हातासाठी! ही बातमी शेजारच्या वहिनींनी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून मला दिली. आवाज एवढा खाली आणला, की समोरून चाललेल्या भाजीवाल्याने गाडी थांबवून कान दिला.

"हाताला काय झालं त्यांच्या?"

"झालं काहीच नाही हो ताई. शिरा दिसायच्या, आता दिसत नाहीत. सुई टोचून काहीतरी भरलं म्हणे. सकाळच्या गाडीने गेल्या, रात्रीच्या गाडीने परत. घरी सांगितलं, रूट कॅनाल."

आता नंदुरबारहून सुरत म्हणजे काही परदेश नव्हे. उधना-जळगाव मार्गावर आपण बसलेलो, इथली माणसं कापड घ्यायला, डोळे दाखवायला आणि कुणाला कळू नये अशा दुखण्याला सुरतच गाठतात. पण हाताच्या शिरांसाठी कुणी गाडीत बसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

वहिनींनी आपला पंजा उलटा करून माझ्यापुढे धरला. "हे पाहा. नुसतं दोडकं!" त्यांचं दुःख मग बाहेर आलं. मुलाचा साखरपुडा महिन्यावर आलेला. हल्ली फोटोवाला तोंडापेक्षा हातांचेच फोटो जास्त काढतो, अंगठी जवळून, बांगड्या जवळून, ओटी भरताना जवळून. मुलीच्या आईचे हात गुबगुबीत. दोघींचे हात शेजारी शेजारी येणार, आणि तो फोटो अल्बममध्ये जन्मभर राहणार.

ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या त्यांच्या सासूबाई, आक्का, तिथूनच म्हणाल्या, "हात काय फोटोना करता शेतस का व?" वहिनींनी ऐकलंच नाही असं दाखवलं. सासूचं न ऐकण्याची त्यांची हातोटी जुनी आहे.

एवढ्यात पलीकडच्या सिस्टर पाणी भरायला बाहेर आल्या. सिस्टरांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत गेली, त्यातली बरीच वर्षं सातपुड्यात, धडगावकडे. निवृत्त होऊन बसल्यात, पण कुणाचाही हात दिसला की त्यांची नजर आधी शिरेवर जाते. वहिनींचा पंजा पाहून त्या हरखल्याच. "काय सुंदर शिरा आहेत! डोळे मिटून सलाईन लागेल!"

वहिनींचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

सिस्टर म्हणाल्या, "आधी हात वर करा. डोक्याच्या वर. थांबा जरा." वहिनींनी केला, त्यांचं बघून मीही केला. भाजीवाला अजून तिथेच होता, त्यानेही केला. पाच-दहा आकड्यांत शिरा बसल्या की हो! हात हृदयाच्या वर गेला की शिरेतलं रक्त खाली उतरतं आणि शीर रिकामी होऊन सपाट होते. हात लोंबता ठेवला, गरम पाण्यात भांडी घासली, चुलीपुढे बसलं की तीच शीर पुन्हा फुगते. आपल्याकडच्या मे महिन्यात तर फुगणारच, अंगातली उष्णता बाहेर टाकायला शरीर कातडीजवळच्या शिरा मोकळ्या सोडतं.

मग सिस्टरांनी आणखी एक गंमत दाखवली. माझ्या पंजावरची एक शीर बोटांकडच्या बाजूला दाबून धरली आणि दुसऱ्या बोटाने मनगटाकडे रक्त निपटलं. शीर रिकामी झाली ती रिकामीच राहिली. मनगटाकडून रक्त मागे येईना. दाबलेलं बोट उचललं, की खालून झपकन भरली. शिरांमध्ये झडपा असतात, त्या रक्ताला एकाच दिशेने, हृदयाकडे, जाऊ देतात. इंग्लंडच्या विल्यम हार्वे नावाच्या डॉक्टरने 1628 साली छापलेल्या पुस्तकात बांधलेल्या हातावर असाच प्रयोग दाखवणारी चित्रं देऊन रक्त अंगात फिरतं हे सिद्ध केलं होतं. चारशे वर्षांपूर्वीचा तो प्रयोग आमच्या कॉलनीत नळाला पाणी असताना पार पडला, आणि सिस्टरांची बादली वाहून गेली.

"पण दिसतात कशामुळे? माझ्या बहिणीच्या तर नाही दिसत," वहिनींचा प्रश्न रास्त होता.

सिस्टरांनी सांगितलं त्याचं सार एवढं, की शिरा वाढत नाहीत, वरचं पांघरूण विरतं. पंजाच्या पाठीवर चरबी मुळातच थोडी. वय वाढलं की ती आणखी कमी होते, कातडी पातळ पडते, उन्हाने तर लवकरच. बारीक अंगाच्या बाईच्या तरुणपणीही दिसतात, कष्टाच्या हातांच्या दिसतात, आणि काही घराण्यांतच दिसतात. हा रोग नव्हे. मात्र एकाच हाताची शीर अचानक कडक, लाल, दुखरी झाली किंवा एकच हात सुजला, तर साखरपुडा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता कोपऱ्यावरच्या बाईंनी केलं काय? सिस्टरांच्या अंदाजाने फिलर. जेलसारखा पदार्थ कातडीखाली भरतात, पंजा जरा भरीव दिसतो, शीर खाली झाकली जाते. शीर असते तिथेच, फक्त दिसत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पंजाच्या पाठीसाठी पहिल्या फिलरला 2015 साली परवानगी दिली. तो कॅल्शियमच्या बारीक कणांचा. 2018 साली हायलुरॉनिक आम्लाचा आला. दुसऱ्याची सोय अशी, की पसंत पडलं नाही तर दुसरं औषध टोचून तो विरघळवता येतो. कॅल्शियमवाल्याला ती सोय नाही. दोन्ही कायमचे नाहीत, साधारण वर्षभरात किंवा थोडं पुढेमागे उतरतात, मग पुन्हा सुरत. एकेक सिरिंज काही हजारांची, आणि हात आपल्याला दोन.

"दुसरा प्रकार आहे," सिस्टर म्हणाल्या, "आपल्याच पोटावरची चरबी काढून हातात भरतात."

"मग घ्या ना! हवी तेवढी घ्या!" वहिनी पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. पण त्यातलीही बरीच चरबी शरीर पुढे शोषून घेतं, आणि काढायची म्हणजे छोटी का होईना, शस्त्रक्रिया आलीच.

तिसरा प्रकार सांगताना सिस्टरांचा आवाज बदलला. शीरच बंद करायची. औषधाचा फेस टोचून, नाहीतर लेझरने आतून जाळून, नाहीतर बारीक छेद देऊन ओढून काढायची. पायाच्या फुगलेल्या शिरांना हे उपचार नेहमीचे आहेत आणि तिथे ते हवेतच, कारण ती शीर बिघडलेली असते. हाताची शीर धडधाकट असते. ती बंद केली तर रक्त दुसऱ्या वाटेने जातं, हात काही वाळत नाही. पण सूज येते, शीर दोरीसारखी टणक लागत राहते, आणि आपल्या सावळ्या कातडीवर तपकिरी डाग महिनोन् महिने राहू शकतो.

"आणि उद्या दवाखान्यात पडलात तर सलाईन कुठे लावू?"

हे त्या कुणालाही विचारत नव्हत्या. धडगाव-अक्कलकुव्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराची लेकरं त्यांनी पाहिली आहेत. दुखणं उठलं की सलाईन, रक्त कमी पडलं की रक्ताची पिशवी, दरवेळी सुई. टोचून टोचून शिरा हरवतात. रबर बांधायचं, पंजा थोपटायचा, गरम फडकं ठेवायचं, दिवा जवळ आणायचा, आणि पोर रडत असताना शीर शोधत बसायचं. किडनीच्या रोग्याचं आणखी वेगळं. डायलिसिससाठी मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात. ही युक्ती न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1966 साली प्रसिद्ध केली, आणि आजही पहिली पसंती तिलाच. त्यासाठी हाताची चांगली शीर लागते. म्हणून किडनी अधू झालेल्या माणसाला डॉक्टर सांगतात, ज्या हाताने काम कमी करता त्या हातात सुया टोचू देऊ नका. वहिनींच्या माहेरी मधुमेह आहे, आणि तो किडनीवर जाऊ शकतो. त्या गप्प झाल्या.

मी मध्येच सुचवलं, की फिलर तरी करायला काय हरकत? माझं मत आजही तेच आहे. ज्याला परवडतं त्याने हौस करावी, केस काळे करतोच ना आपण? दाढेचं नाव सांगून जायची मात्र गरज नव्हती. इथे पथारीवर मिरची वाळवायला आणि देठ खुडायला शेकडो बाया दिवसभर उन्हात बसतात, त्यांच्या हातांकडे कुणी वळून पाहत नाही. आणि बंगल्यातल्या बाईच्या हाताची एवढी चर्चा करणाऱ्या आम्ही तिघी! चौघी, आक्कांना धरून.

शेवटी वहिनींचं ठरलं ते असं: सुई नाही. टोचल्यावर पंजा सुजतो, काळानिळा पडतो, कधी गाठी राहतात. उतरायला आठवडा-दोन आठवडे सहज जातात. साखरपुड्याच्या तोंडावर ते नकोच. रोज बाहेर पडताना तोंडाला लावतात ते सनस्क्रीन पंजालाही लावायचं, रात्री साय नाहीतर मलम. आणि फोटोवाल्याने "रेडी" म्हणण्याआधी हात अर्धा मिनिट वर धरून मग खाली घ्यायचा. याला पैसे पडत नाहीत.

तुमच्या गल्लीत कुणी सुईच करून घ्यायला निघालं असेल, तर एवढं भिंतीवरून सांगा: ती सुई पार्लरमध्ये टोचून घेऊ नका, त्वचारोगाच्या नाहीतर प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांकडेच जा. मधुमेह, किडनीचा त्रास, रक्त पातळ करायच्या गोळ्या, जे असेल ते आधी सांगा. आणि सिरिंजवरचं नाव वाचून लिहून घ्या.