ज्या स्टेशनावर उतराल, तो पंथ

झाशीचं नाव काढलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे घोडा, पाठीला बांधलेलं मूल आणि उपसलेली तलवार येते. त्या चित्रात चर्चच्या घंटेला जागा नाही. मीसुद्धा बरीच वर्षं पाहुण्यांना किल्ला, राणीमहाल आणि राणीचं लग्न लागलं ते गणेश मंदिर, एवढंच दाखवून स्टेशनावर पोचवत असे. पण एकच पाहुणा दुसऱ्यांदा आला की यजमानाची पंचाईत होते. त्या पंचाइतीतून मी छावणीतल्या, सिव्हिल लाइन्समधल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या इतिहासात शिरलो. पाहुणे केव्हाच परत गेले, मी अजून बाहेर आलेलो नाही.

हा इतिहास देवापासून नव्हे, कागदापासून सुरू होतो. राणी पडल्यावर तीन वर्षांनी, १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशी शहर शिंद्यांना देऊन टाकलं. १८८६ मध्ये ते परत घेतलं आणि बदल्यात ग्वाल्हेरचा किल्ला दिला. त्याच वर्षी अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचं होल्कम्ब दांपत्य झाशीत ठाण मांडून बसलं. पाठोपाठ इंडियन मिडलंड रेल्वेचे रूळ आले. शतक संपता संपता अमेरिकेतल्या बायकांनीच चालवलेल्या एका मिशन संस्थेचा बायकांसाठी दवाखानाही उभा राहिला. बुंदेलखंडातल्या बाईला प्रेसबिटेरियन म्हणजे काय हे कळलं नसेल, पण बाळंतपणात जीव वाचवणारी बाई कोण हे नक्की कळलं असणार.

छावणीतलं चर्च मात्र आधीपासूनचं, इंग्लंडच्या राजधर्माचं, म्हणजे अँग्लिकन. १८५७ चा उठाव मेरठला रविवारी संध्याकाळी पेटला होता. तेव्हापासून गोऱ्या शिपायांनी प्रार्थनेलाही बंदुका घेऊन जायच्या असा शिरस्ता पडला. उत्तरेतल्या कितीतरी छावण्यांच्या चर्चांत बाकांच्या पाठीला बंदूक टेकवायच्या खाचा असत. शेजाऱ्यावर प्रीती कर हे प्रवचन ऐकायचं आणि हात खाचेजवळ ठेवायचा! हल्ली अशा खाचेत फार तर छत्री राहील.

या मुलखात पुढे दुष्काळ आला. १८९६ मध्ये झाशीच्या पूर्वेला नौगावात ओहायोच्या दोन क्वेकर बायका पोचल्या, डेलिया फिस्टलर आणि एस्थर बेअर्ड. नुसता भेगाळलेला माळ आणि पोरकी झालेली मुलं. त्यांनी मुलं गोळा केली, अनाथाश्रम काढला, आणि तिथली मंडळी पुष्कळशी त्या मुलांचीच वाढली. एखाद्या कुटुंबाचा धर्म एका वर्षी न पडलेल्या पावसाने ठरावा, यावर मला विनोद सुचत नाही. १९०० च्या दुष्काळात ‘क्विटो’ नावाचं जहाज अमेरिकेतला मका भरून मुंबईला लागलं. तिकडच्या गवताळ माळरानांचं, प्रेअरीचं आणि आपल्या माळांचं नातं असं पोटातून जडलं.

क्वेकरांबद्दल मला विशेष कुतूहल. यांच्या मूळ रीतीत पाद्री नाही, बाप्तिस्मा नाही, गाणं नाही. सगळ्यांनी गप्प बसायचं आणि आतून आवाज आला तर बोलायचं. झाशीच्या दक्षिणेला होशंगाबादला इंग्लंडच्या क्वेकरांनी १८७० च्या दशकात काम सुरू केलं, तेव्हा ही रीत त्यांनी नर्मदाकाठच्या लोकांना कशी समजावली असेल? आमच्याकडे चार माणसं तासभर गप्प बसली तर शेजारी विचारतो, कोण गेलं? ओहायोवाले त्या मानाने शहाणे. ते गाणीबिणी म्हणणारे होते. आमच्या मुलखात ढोलकीशिवाय देवसुद्धा टिकत नाही.

आता खरी गंमत. मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतले होते. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत काम काढायचं नाही. त्यामुळे माणूस कुठल्या पंथाचा, हे त्याच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या जिल्ह्यावरून ठरे. अहमदनगरचा असेल तर काँग्रिगेशनल, कारण तिथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन. नागपूरचा असेल तर स्कॉटिश, कारण तिथले मिशनरी स्टीफन हिस्लॉप. यवतमाळचा असेल तर फ्री मेथडिस्ट. कोल्हापूर आणि झाशी दोन्ही अमेरिकन प्रेसबिटेरियन, मध्ये शेकडो मैल आणि दोन भाषा असल्या तरी. गाडीतून ज्या स्टेशनावर उतराल, तो पंथ. एडिंबरोत आणि बॉस्टनमध्ये ज्या मुद्द्यांवर भाऊ भावाशी बोलेनासे झाले, ते मुद्दे आमच्याकडे तालुक्याच्या सीमेएवढेच उरले. यात नुकसान काय झालं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

रेल्वेचा आणि धर्माचा हा संबंध मराठी वाचकाला नवा नसावा. कवी नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, आणि आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हातात बायबल ठेवलं. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई बरीच वर्षं सोवळं सांभाळून मग त्यांच्या वाटेने गेल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून आपल्या भाषेला कायमच्या ऋणात ठेवून गेल्या. टिळक अहमदनगरच्या मिशनमध्ये राहिले, पण तिथल्या चाकोरीत त्यांचा जीव रमेना. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही आत जागा. साहेब लोक एकीकरणाच्या समित्या नेमत होते आणि हे गृहस्थ कीर्तनाला टाळ घेऊन केव्हाच पुढे निघाले होते.

समित्या मात्र खरोखर बसल्या. १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानातले प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल एक झाले. म्हणजे नगरची मंडळी आणि झाशीची मंडळी एका चर्चची झाली. ही बातमी ऐकून दोन्हीकडच्या रविवारच्या प्रार्थनेत काही फरक पडला असेल, असं मला वाटत नाही. १९२९ मध्ये मोठ्या एकीकरणाची बोलणी सुरू झाली, आणि ती मराठी घरातल्या लग्नाच्या बैठकीसारखी चालली. एका पक्षाला बिशप हवा, दुसऱ्याला बिशपचं नाव काढलेलं खपत नाही. एक म्हणतो बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडलं की पुरे. दुसरा म्हणतो, माणूस मोठा होऊ दे, त्याला कळू दे, मग सबंध बुडवा. शेवटी दोन्ही रीती चालतील असं ठरलं, अहेर दोन्हीकडून होतो तसं. एवढ्याला एकेचाळीस वर्षं लागली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चं मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. सातवं, अमेरिकन परंपरेचं मेथडिस्ट चर्च, हळद लागल्यावर काही महिने आधी उठून गेलं. ते अजून वेगळंच आहे आणि छान चाललं आहे.

मला यातली सामान्य माणसं आवडतात. ठरावांचे मसुदे फिरत होते तेव्हा झाशीच्या रेल्वे वसाहतीत अँग्लिकन गार्ड आणि प्रेसबिटेरियन फिटर यांच्या घरी नाताळचे करंजीसारखे गोड पदार्थ एकाच कढईत तळले जात असणार. गार्डाने शिट्टी दिल्याशिवाय गाडी सुटत नसे आणि फिटरशिवाय ती चालत नसे. तिथे बिशपची परंपरा काढून कोण बसेल?

माझ्या ओळखीचे एक निवृत्त रेल्वेवाले आहेत, पिढ्यान्‌पिढ्या प्रोटेस्टंट. संतांच्या मूर्ती, अवशेष, नवस यांवर ते कडक बोलतात. झाशीत कॅथलिकांचं संत ज्यूड यांचं तीर्थ आहे, हरलेल्या कामांच्या संताचं; २८ ऑक्टोबरच्या जत्रेला हिंदू, मुसलमान, शीख, सगळेच मेणबत्त्या घेऊन उभे असतात. दोन वर्षांपूर्वी त्या रांगेत हे गृहस्थ मला दिसले. मी त्यांना आठवण करून दिली की तीनच दिवसांनी, ३१ तारखेला, प्रोटेस्टंटांचा मूळपुरुष ल्यूथर याने १५१७ मध्ये असल्याच एका प्रकाराविरुद्ध, पापमुक्तीची पत्रं विकण्याविरुद्ध, आवाज उठवला होता, आणि त्या दिवशी त्यांच्याच चर्चमध्ये त्यावर प्रवचन असतं.

“हो तर,” ते मेणबत्ती वाऱ्यापासून हाताने आडोशाला धरत म्हणाले, “प्रवचनाला मी येणारच आहे. पण नातवाचा रेल्वे भरतीचा निकाल तीसला आहे.”