बर्फशास्त्री, मुक्काम परभणी

एप्रिलात परभणीचा पारा बेचाळिशीच्या पुढे जातो, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायला लागतं आणि नेमके त्याच दिवसांत इथले बर्फशास्त्री कामाला लागतात. बर्फशास्त्री बहुधा निवृत्त असतात. शाळेतून, झेडपीतून, नाहीतर मोंढ्यातल्या आडतीवरून. बर्फाशी त्यांचा थेट संबंध लग्नातल्या मठ्ठ्यात टाकलेल्या लादीपुरता. पण केदारनाथच्या वाटेवर लिंचोलीच्या पुढे आज बर्फ किती, हे विचारायचं तर त्यांनाच.

तसं आभाळाकडे बघत बसणं ही या जिल्ह्याची जुनीच सवय. कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. पावसाचे अंदाज सांगणारे पंजाबराव डख याच जिल्ह्यातले, सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे. पाऊस कधी येणार यावर इथे पानटपरीवरसुद्धा दोन तट पडतात. बर्फशास्त्र्यांनी आपलं कार्यक्षेत्र थोडं उत्तरेला सरकवलं, इतकंच.

पहाटे उठल्या उठल्या डेहराडूनच्या हवामान केंद्राचं बुलेटिन. त्यात कधी ‘३,५०० मीटरच्या वर हिमवृष्टी’ असं येतं. केदारनाथ ३,५८३ मीटरवर. मग वरचे ८३ मीटर धरायचे की सोडायचे, यावर शेजारच्या गुरुजींशी कुंपणावरून वाद. तो मिटेपर्यंत चंदीगडहून इशारा येतो. तिथली डीआरडीओची संस्था हिमकडे कोसळण्याचा धोका जिल्हावार सांगते. चमोली, उत्तरकाशी, पिथौरागड अशी नावं बर्फशास्त्री पाथरी-मानवत म्हणावं तशी घेतात. “आज रुद्रप्रयागचं काही खरं नाही,” असं ते चिंतेनं म्हणतात, तेवढ्यात आतून हाक येते, “अहो, रुद्रप्रयागचं राहू द्या, नळाला पाणी आलंय!”

खरी अडचण रेल्वेची. सचखंड एक्स्प्रेसचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि बर्फाचा भरवशाचा अंदाज चार-पाच दिवसांपलीकडे जात नाही. मधले पंचावन्न दिवस यात्रेकरू निवांत असतो. बर्फशास्त्र्यांची झोप मात्र उडालेली.

त्यांची विद्या दिसते ती फोनवर. सोनप्रयागचा कुणी लॉजवाला, कुणी खेचरवाला, असे चार-दोन नंबर त्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून जमवलेले असतात. पूर्वी ते सरळ विचारायचे, “भैया, बरफ कित्ता है?” उत्तर ठरलेलं, “आ जाओ बाबूजी, रास्ता एकदम बढ़िया!” ज्याचं वर्षाचं पोट सहा महिन्यांच्या यात्रेवर, तो दुसरं काय सांगणार? मग त्यांनी प्रश्नच बदलला. “कल खच्चर कहाँ तक गए?” या प्रश्नाला थाप मारणं जड जातं. खेचर लिंचोलीवरून परत फिरलं असेल, तर पुढची वाट माणसाच्या पायालाही धड नसणार. दुसरा प्रश्न, “सुबह रास्ते पे पानी जमता क्या?” पहाटे गोठलेल्या बर्फावरून पाय सटकतो, दुपारी तोच बर्फ भुसभुशीत होतो आणि वरचं खाली यायला लागतं. लिंचोली ते केदारनाथ या पट्ट्यात भैरव आणि कुबेर या दोन हिमनद्या वाटेवर येतात, हे त्यांच्या गल्लीतल्या पोरासोरांनाही आता पाठ आहे.

लोक हसतात. हसायला कारणंही पुरवतात ते. नवे हातमोजे फ्रिजच्या वरच्या कप्प्यात हात घालून तपासतात. तेव्हा घरात कुल्फी जमत नाही. जाणाऱ्यांना आधी जिंतूरच्या नेमगिरीवर चढवून आणतात, तेही भर उन्हात, वुलन टोपी घालून. स्वतः केदारनाथला गेलेले नाहीत. गौरीकुंडापासून १६ किलोमीटरचा चढ गुडघ्यांना मंजूर नाही. “काका, न जाताच इतकं कसं कळतं?” असं कुणी टोचलं तर म्हणतात, “जाऊन आलेल्यायला विचार बरं. रील दाखवतेत, बर्फ किती होता ते सांगत नाहीत.”

पण २०२३ मध्ये हसणारे गप्प झाले. त्या वर्षी २५ एप्रिलला मंदिराची दारं उघडली आणि बर्फ थांबेचना. प्रशासनाला केदारनाथची नवी नोंदणी काही दिवस बंद ठेवावी लागली. मेच्या सुरुवातीला त्याच दोन हिमनद्यांच्या पट्ट्यात बर्फ कोसळून पायवाट अडली. तरी ऊन, वारा, पेरणी यांच्या गप्पांत मुरलेल्या या जिल्ह्यातही बर्फाची चौकशी करून निघणारे थोडेच. बाकीचे तिकीट, फराळ आणि चिवड्याचे डबे बघून निघतात.

तेव्हा दारं उघडल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात निघणार असाल, तर आपल्या भागातल्या बर्फशास्त्र्यांना जरूर गाठा. संध्याकाळी सातनंतर ते मोकळे असतात. आधी गुडघ्यांची विचारपूस करावी लागेल, आणि कुल्फीला थांबा म्हणाले तर थांबू नका, ती जमलेली नसते.