डिडक्टिबलवाले आप्पा

ठाण्याच्या नौपाड्यात जा, डोंबिवलीच्या टिळकनगरात जा, नाहीतर कल्याणच्या खडकपाड्याला; प्रत्येक सोसायटीत एक आप्पा असतातच. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, मुलगा न्यू जर्सीत, आणि पहाटेचा फेरफटका उरकला की साडेसहाला बाल्कनीतून फोन. साडेसहालाच, कारण उन्हाळ्यात तिकडे तेव्हा आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि पोरं जेवून बसलेली असतात. अमेरिका लांब, म्हणून आप्पा मोठ्याने बोलतात. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल फुकट असतो हे त्यांना पटलंय, पण आवाज आपोआप तिथवर पोचतो हे अजून पटलेलं नाही. त्यामुळे टिळकनगरातल्या आमच्या आप्पांच्या सुनेचं डिडक्टिबल किती डॉलर, हे बिल्डिंगच्या दूधवाल्यालाही पाठ आहे.

मुलाचं लग्न मार्गशीर्षात झालं. मुहूर्त दोन पंचांगं पाहून काढलेला. सूनबाई कल्याणची, ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला. लग्नाच्या नोंदणीचा दाखला, व्हिसाची तारीख, यात चैत्र उजाडला, आणि मग ती एच-फोरवर, म्हणजे एच-वन नवऱ्याच्या मागोमाग जाणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर, तिकडे पोचली. तोवर कुणाच्या गावीही नव्हतं की नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात बायकोचं नाव घालायचं तर लग्न झाल्यावर साधारण 30 दिवसांत घालावं लागतं. ती मुदत हुकली की वर्षाअखेरच्या नोंदणीची वाट बघत बसायचं. चिरंजीव म्हणाले, "मला वाटलं, ती आली की बघू." आप्पांनी कपाळाला हात लावला. "गुरुबळ पाहिलं, चंद्रबळ पाहिलं," ते संध्याकाळी कट्ट्यावर म्हणाले, "एचआरचं बळ पाहायचं राहिलं."

आणि त्यांनी मोहीम हाती घेतली. बँकेतला माणूस, एक्सेल उघडलं. पर्यायांना पिवळा, खर्चाला लाल, शंकांना निळा रंग. निळा फार झाला.

पहिला पर्याय प्रवाशांसाठी मिळते ती स्वस्त पॉलिसी. आप्पा हरखले. सूनबाईने शांतपणे सांगितलं, "बाबा, त्यात जुनं दुखणं धरत नाहीत, बाळंतपण धरत नाहीत, आणि काही पॉलिस्या खाटेला रोजचे अमुक एवढेच डॉलर देतात. बिल कितीही येवो." दुसरा पर्याय सरकारमान्य बाजारातला. न्यू जर्सी राज्याचा स्वतःचा असा बाजार आहे, 'गेट कव्हर्ड न्यू जर्सी' नावाचा, आणि कायदेशीर व्हिसावर देशात नव्याने आलेल्या माणसाला तिथे 60 दिवसांत पॉलिसी घेता येते. एच-फोरही त्यात बसतो. हे ऐकल्यावर आप्पांनी विमा एजंटांना हमखास विचारायचा तो प्रश्न टाकला.

"वेटिंग पीरियड किती?"

"नाही बाबा."

"नाही म्हणजे?"

"जुन्या दुखण्याला वेटिंगच नाही. 2014 पासून तसा कायदाच आहे इथे. बाळंतपणही पहिल्या दिवसापासून."

बाल्कनीत बराच वेळ शांतता होती. आपल्याकडे जुन्या आजाराला चार-चार वर्षं थांबावं लागायचं, ते विमा प्राधिकरणाने 2024 मध्ये तीन वर्षांवर आणलं तेव्हा याच आप्पांनी कट्ट्याला कटिंग पाजला होता. "पहिल्या दिवसापासून?" ते अखेर म्हणाले. "मग त्यांच्या कंपन्या बुडत कशा नाहीत?"

कशा बुडत नाहीत ते त्यांना डिडक्टिबल कळल्यावर उमगलं. "म्हणजे आधी महिन्याचा हप्ता आपण भरायचा. मग आजारी आपण पडायचं. मग सुरुवातीचे इतके हजार डॉलरही आपणच भरायचे. आणि त्यानंतर कंपनी खिशात हात घालणार. तोही अर्धवट!" इथल्या कट्ट्यावर हे पटायला वेळ लागला नाही. दात आणि डोळे मात्र कुणालाच पटले नाहीत. तिकडे मोठ्या माणसांच्या दातांचा आणि चष्म्याचा विमा बहुधा वेगळा घ्यावा लागतो. साध्या आरोग्य विम्यात गळ्यापासून खालचा माणूस आणि वरचा थोडासाच येतो. आप्पांनी फर्मान काढलं: दात दुखला तर लवंग, रूट कॅनल डिसेंबरात डोंबिवलीला. चष्मा दोन फ्रेमचा इथूनच.

शिवाय औषधांची पिशवी. ती प्रत्यक्ष बघण्यासारखी होती. जाणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाबरोबर एक पाठवायची. प्रत्येक गोळीच्या पट्टीला रबर बँडने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर बँकेच्या लेजरात शोभावं अशा अक्षरात: 'ताप. 100 च्या वर असेल तरच.' 'जुलाब. आधी साबुदाण्याची पेज करून बघ.' 'अंगदुखी. रोज घेऊ नये. हे सूनबाईंसाठी, चिरंजीवांना देऊ नये, त्यांना सवय आहे.' वर डॉक्टरांचं लेटरहेड, खाली हिंगाष्टक चूर्ण, कोपऱ्यात अमृतांजन. कस्टमवाल्याने उघडलं तर निदान तोही सुधारेल, असा आप्पांचा विश्वास.

आप्पांची विम्याबद्दलची श्रद्धा मुळात एकच: विमा घ्यावा, पण वापरू नये. "आयुष्यात एक क्लेम नाही," असं ते सांगतात. त्याच सुरात ते "नोकरीत एक लेटमार्क नाही" हेही सांगतात. ही आमच्या भागातली जुनी नोकरदार जातकुळी. आजारपण म्हणजे ऑडिटचा शेरा. मला त्यांचं हसू येतं, पण या माणसांनी जपलेल्या पैशांवरच त्यांची पोरं विमानात बसली, हेही खरं.

एक्सेल चौदाव्या रकान्यात असताना एकदा कल्याणचे व्याही टिळकनगरात आले. चहा पिताना सहज म्हणाले, "विम्याचं झालं ना, बरं झालं." आप्पांचा कप हवेतच राहिला. झालं होतं ते असं: ऐरोलीची नोकरी सुटली तशी सूनबाईचं इथल्या कंपनीचं कव्हर संपलं होतं. दुसरीकडचं कव्हर संपणं हेही तिकडे मुदतीबाहेर नाव घालायला कारण धरतात, त्यालाही 30 दिवसांची मर्यादा. तिने ऐरोलीच्या एचआरकडून तसं पत्र मागवलं, नवऱ्याच्या कंपनीला धाडलं, त्यांनी ते मानलं. पोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात. आणि त्या ऐरोलीच्या पॉलिसीत तिचे आईवडीलही होते. राजीनामा देण्याआधीच तिने त्यांना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत हलवून घेतलं होतं. व्याही हे सगळं कौतुकाने सांगत होते. आप्पा बिस्किट बुडवत होते, ते कपातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला त्यांनी तक्रारीच्या सुरात विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रंग छान भरत होतात, बाबा." मग तिने विचारलं, "तुमचं आणि आईंचं कव्हर किती आहे?"

बाल्कनीतून आवाज येईना. बँकवाल्यांच्या 2015 च्या वेतन करारानंतर कर्मचाऱ्यांसाठी समूह विमा आला, निवृत्तांना तो स्वखर्चाने. हप्ता चढत गेला, आणि एका वर्षी आप्पांनी "त्यापेक्षा एफडी बरी" म्हणून तो सोडून दिला. हे काकूंनाही ठाऊक नव्हतं. त्या पोह्यांचा चमचा हातात घेऊन बाल्कनीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पासष्टीनंतर कुणी देत नाही गं," आप्पा म्हणाले.

"2024 पासून कंपन्यांवर ती अट राहिलेली नाही."

"वर अठरा टक्के जीएसटी."

"वैयक्तिक पॉलिसीवर 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य."

"माझ्या साखरेला तीन वर्षं थांबवतील."

"म्हणून तर आजच घ्यायची."

आप्पांनी शेवटचा पत्ता टाकला. सत्तरी पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न बघता 5 लाखांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, आणि त्यांची सत्तरी पुढच्या आश्विनात. म्हातारपणाची इतक्या आतुरतेने वाट बघणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. तोवर घरात कुणी आजारी पडायचं नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

काकू चौसष्टच्या. "म्हणजे मी सहा वर्षं ठणठणीत राहायचं का?" त्या म्हणाल्या. पोहे तसेच गॅसवर ठेवून आत गेल्या, कपाटातून गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो खिडकीच्या उजेडात धरला आणि फोटो काढून थेट सुनेला पाठवला.