नक्षीसकट सुरी

पन्नाशीकडे झुकलेला मराठी पुरुष पूर्वी हार्मोनियमच्या क्लासला जायचा, नाहीतर ट्रेकिंगचे बूट आणायचा. हल्ली तो जपानी सुरी मागवतो. १५-२० हजारांची. साकाई शहरातली की सेकीची, पोलाद व्हीजी-१० की आओगामी, कडकपणा रॉकवेल ६० की ६२, सगळं तोंडपाठ. बायकोने किंमत विचारली की भागाकार सुरू: ‘२० वर्षं टिकेल, म्हणजे दिवसाला तीन रुपयेसुद्धा नाहीत!’ या हिशेबाने आजेसासूबाईंपासून चालत आलेली विळी फुकटात पडते. पण विळीचा फोटो कोण टाकणार?

शौकाला माझी ना नाही. त्याला ‘गुंतवणूक’ म्हणू नका, एवढंच. पात्यावरच्या लाटालाटांच्या दमास्कस नक्षीसाठी जास्तीचे पैसे मोजताना लक्षात असू द्या, कांदा चिरते ती मधल्या पोलादाची एकटी कड. नक्षीचे थर बाजूला उभे राहून बघतात. कडक पोलाद धार जास्त दिवस धरतं हे खरं, पण ते ठिसूळही असतं. सुक्या खोबऱ्यावर किंवा मटणाच्या हाडावर चालवलंत की टवका उडालाच. आणि कार्बनचं पातं असेल, तर लिंबू चिरून फोन घ्यायला गेलात की परत येईपर्यंत डाग.

बरं, एवढी सुरी चालते कुठे? ग्रॅनाइटच्या ओट्यावर, नाहीतर स्टीलच्या ताटलीत! तिथे दोनशेवाली काय आणि वीस हजारवाली काय, थोड्याच दिवसांत दोघी टोमॅटोची साल नुसती दाबतात आणि रस ओट्यावर. मग धारवाल्याची शोधाशोध. तो फिरत्या दगडावर ठिणग्या उडवत १५ अंशांची नाजूक कड दोन मिनिटांत कोयत्याची करून देतो. त्याला काय बोलणार, त्याच्याकडे येतात कोयतेच.

माझा सल्ला विचाराल तर हजाराच्या आतली साधी स्टेनलेसची सुरी, चिरायला एक लाकडी फळी आणि १००० ग्रिटचा धारेचा दगड. सगळं मिळून चार हजारांच्या आसपास. दगड ओला करायचा, कोन न हलवता एक बाजू घासत राहायची, पलीकडच्या कडेला बारीक खरखर बोटाला लागली की दुसरी बाजू. सहा महिने हे करून कंटाळला नाहीत, तर खुशाल साकाईची मागवा, नक्षीसकट. फक्त ती कशी धुवायची हे कामाच्या मावशींना शिकवण्याआधी एक दिवस घरची भाजी स्वतः चिरा.