चेंडू एकाच्याच नावावर

बास्केटबॉलमध्ये एका बाजूला खेळाडू पाच असतात आणि चेंडू एक. भांडणाचे मूळ या हिशेबातच आहे. अमेरिकेच्या एनबीएमध्ये प्रत्येक चढाईला २४ सेकंद मिळतात. हा नियम १९५४ साली आला, कारण तोवर आघाडीवरचा संघ चेंडू काखोटीला मारून वेळ काढत असे. १९५० मध्ये एक सामना १९-१८ असा संपला होता आणि लोकांनी तो तिकीट काढून पाहिला होता. संघाने वेळ काढण्यावर असा इलाज झाला. एकट्या खेळाडूने चेंडू धरून ठेवण्यावर तो अजून व्हायचा आहे.

असा खेळाडू ओळखायला आकडेमोड लागत नाही. चेंडू तोच वर आणतो. एक सहकारी त्याच्या पहारेकऱ्याच्या वाटेत आडवा उभा राहतो, उरलेले कडेला आणि कोपऱ्यांत जाऊन गुडघ्यांवर हात टेकतात. टप्पा, टप्पा, पायांमधून एक टप्पा. घड्याळात सहा सेकंद उरले की नायक आत घुसतो. बास्केट झाली तर गुण त्याचे. दोघे अंगावर धावून आले तर तो चेंडू कोपऱ्यात फेकतो. कोपऱ्यातल्याचा नेम लागला तर असिस्ट त्याचा. चुकला तर ‘बिचाऱ्याला साथच नाही’ ही हळहळही त्याचीच.

तरीही मोजायचेच असेल तर ‘यूसेज रेट’ नावाचे माप आहे. खेळाडू मैदानात असताना संघाच्या किती टक्के चढाया त्याच्या फटक्याने, फ्री थ्रोने किंवा त्याच्या हातून चेंडू गमावून संपल्या, ते त्यातून कळते. पाच जणांत समान वाटणी केली तर प्रत्येकी २० टक्के येतात. २०१६-१७ च्या हंगामात ओक्लाहोमा सिटीच्या रसेल वेस्टब्रुकने ४१.७ टक्के गाठले. केव्हिन ड्युरांट नुकताच संघ सोडून गेला होता, त्यामुळे अडवणारे कोणी नव्हते. सरासरी ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड, १०.४ असिस्ट आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान, असे सगळे वेस्टब्रुकच्या पदरात पडले. संघ पहिल्याच फेरीत ह्यूस्टनकडून ४-१ असा हरला. त्या मालिकेत तो बाकावर बसला की कमावलेली आघाडी बघता बघता वितळत असे. चाहते म्हणाले, बघा, त्याच्यावाचून संघ पांगळा आहे. टीकाकार म्हणाले, बघा, त्यानेच संघ पांगळा केला. पुरावा दोघांचा एकच होता आणि दोघांनाही तो पुरेसा वाटला.

अशा खेळाडूसाठी अदलाबदल करावी का, या वादात सगळे त्याचेच गुण-दोष उगाळत बसतात. खरे तर हिशेब जाणाऱ्यांचा मांडायला हवा. पगारमर्यादा ओलांडलेल्या संघाला जेवढा पगार घ्यायचा, साधारण तेवढाच द्यावाही लागतो. २०२१ मध्ये वेस्टब्रुकचा वर्षाचा पगार ४.४ कोटी डॉलरच्या घरात होता. एवढ्या पगाराचा देऊन टाकण्याजोगा माणूस कोणाकडे पडून नसतो, म्हणून त्याला घेण्यासाठी लॉस एंजेलिस लेकर्सने तीन उपयोगी खेळाडूंची मोट बांधली: काइल कुझ्मा, केंटाव्हियस कॉल्डवेल-पोप आणि माँट्रेझ हॅरेल. वर ड्राफ्टची, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपाची, पहिल्या फेरीतली एक निवड. पहिले दोघे २०२० च्या विजेत्या संघातले होते, पण कागदावर ती किरकोळ नावे दिसत.

लेकर्सकडे चेंडू हाताळायला लेब्रॉन जेम्स होताच. तेव्हा वेस्टब्रुकला चेंडूविना उभे राहण्याची वेळ आली, आणि त्या कामाची सवय त्याला कोणी लावलीच नव्हती. लांबून त्याचा नेम बेताचा, म्हणून प्रतिस्पर्धी त्याला खुशाल मोकळे सोडून लेब्रॉनपुढे गर्दी करत. त्या हंगामात ३३ विजय आणि ४९ पराभव झाले, बाद फेरीही हुकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये लेकर्सने त्याला दुसरीकडे धाडले आणि त्याच हंगामात कॉन्फरन्सची अंतिम फेरी गाठली. तिथे डेन्व्हरने त्यांचा ४-० असा फडशा पाडला. डेन्व्हरच्या पहिल्या पाचांत कॉल्डवेल-पोप होता.

डेट्रॉइटने हा धडा आधीच गिरवला होता. नोव्हेंबर २००८ मध्ये चॉन्सी बिलप्स देऊन त्यांनी ॲलन आयव्हरसन घेतला. आदल्या हंगामातले ५९ विजय ३९ वर आले. बिलप्सला घेऊन डेन्व्हर कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत पोहोचले. मात्र हाच आयव्हरसन २००१ मध्ये फिलाडेल्फियाला थेट अंतिम सामन्यांपर्यंत घेऊन गेला होता, कारण तिथे भोवती एरिक स्नो, ॲरन मॅकी, डिकेंबे मुटोम्बो असे बचावाला जुंपलेले, चेंडूची फारशी हाव नसलेले गडी होते. नायक तोच होता, फरक बाकीच्या चौघांत होता.

असा खेळाडू देऊन टाकण्याची उलटी चूकही होते आणि ती महाग पडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने पंचविशीतला लुका डॉन्चिच लेकर्सला दिला. आदल्याच वर्षी त्याने संघाला अंतिम सामन्यांपर्यंत नेले होते. बदल्यात आले एकतिशीचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ ची एक निवड. विजेतेपद बचावाने मिळते, अशी जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांची धारणा होती. बचावासाठी आणलेला डेव्हिस पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. चाहत्यांनी स्टेडियमबाहेर शवपेटी आणून शोक केला, हॅरिसन यांना काढण्याच्या घोषणा महिनोन्‌महिने चालल्या आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची नोकरी गेली.

मधल्या काळात डॅलसचे नशीब मात्र फळफळले. जेमतेम १.८ टक्के शक्यता असताना सोडतीत त्यांना ड्राफ्टची पहिली निवड लागली आणि कूपर फ्लॅग संघात आला. मूळचा फॉरवर्ड, वय अठरा. हंगाम सुरू होताच प्रशिक्षक जेसन किड यांनी त्याला पॉइंट गार्डच्या जागी उभे केले आणि चेंडू त्याच्या हातात दिला.